चाकाचा नट किती आवळायचा आणि अँटी-सीझ नेमकं कुठे लावायचं?

ट्रकच्या किंवा बसच्या रिमकडे वाकून पाहिलं, तर कधी कधी एखाद्या नटाच्या बुडापासून बाहेर गेलेली तांबूस रेघ दिसते. धुतली की जाते, चार दिवसांनी पुन्हा उमटते. पाणी लागून गंज चढला असेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण रेघ जर नटापासूनच निघत असेल, तर नटाखालचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतायत, असाच संशय आधी घ्यायचा. घासून लोखंडाची पूड निघते, ती गंजते आणि चाक फिरताना बाहेर फेकली जाते. म्हणजे वरून घट्ट दिसणारा तो नट आतून सैल पडलेला असतो.

जड वाहनाचं टायरसकट चाक साधारण १०० किलोचं. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक निखळलं, तर त्याचा तडाखा आठ मजल्यांवरून पडलेल्या १०० किलोच्या वस्तूइतका असतो, आणि ते आपल्या फिरण्याचा जोर घेऊन आणखी पुढे धावत जातं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने १९९२ साली मध्यम आणि जड वाहनांची चाकं निखळण्याचा खास अभ्यास केला. मुख्य कारणं दोन निघाली: नट नीट न आवळणं आणि बेअरिंग निकामी होणं. दोन्ही देखभालीतल्या चुका. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तर १९९७ साली असा कायदा केला, की व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं की मालक दोषी. ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव तिथे चालत नाही.

एवढं असूनही चाक चढवताना एक वाद हटकून होतो. तो अँटी-सीझवरून, म्हणजे नट-बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या लेपावरून. एक मिस्त्री म्हणतो, स्टडला (नट बसतो त्या दांड्याला) अँटी-सीझ लाव, नाहीतर पुढच्या वेळी नट कापून काढावा लागेल. दुसरा म्हणतो, आट्यांना काही लावायचं नाही, कोरडंच आवळायचं. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि दोघांचीही चूक होऊ शकते. ती कुठे होते हे कळायला आधी चाक जागेवर कशाने राहतं ते पाहावं लागेल.

## चाक स्टडवर टांगलेलं नसतं

हब म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाचा फिरणारा भाग. त्यातून बाहेर आलेले आट्यांचे दांडे म्हणजे स्टड. रिमची मधली भोकं असलेली थाळी, म्हणजे डिस्क, या स्टडवर सरकवायची आणि वरून नट आवळायचे. दिसायला वाटतं, की खुंटीवर शर्ट अडकवावा तसं चाक स्टडवर अडकलंय. तसं नसतं.

टेबलावरची आठ-दहा पुस्तकं दोन तळव्यांच्या मध्ये दाबून आडवी उचलून पाहा. मधल्या पुस्तकांना खालून कसलाच आधार नसतो, तरी ती पडत नाहीत. तळव्यांच्या दाबाने पुस्तकं एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांच्यातलं घर्षण वजन पेलतं. हात जरा ढिले केले की पहिल्यांदा मधलं पुस्तक घसरतं. चाकाचंही हेच आहे. नट आणि स्टड मिळून डिस्कला हबवर प्रचंड जोराने दाबून धरतात आणि गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, वळणावरचा रेटा हे सगळं त्या दोन सपाट पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं. या दाबून धरणाऱ्या जोराला इथे ‘दाब’ म्हणू.

हा दाब किती असतो? जड वाहनांत सर्रास दिसणारा स्टड म्हणजे एम २२ × १.५: जाडी २२ मि.मी., दोन आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी. तो नीट आवळला की एका स्टडमागे सुमारे २० टन दाब पडतो. दहा स्टडचे मिळून २०० टन. घर्षण त्याच्या १५ टक्के धरलं तरी घसरण्याआधी ३० टनांचा रेटा पेलता येतो.

एका बाजूच्या जोडचाकावर, म्हणजे शेजारी जोडून बसवलेल्या दोन चाकांवर, पाच-सहा टन वजन असताना ३० टन कशाला, असं वाटेल. पण खड्ड्यात चाक आदळलं की भार कैक पटींनी वाढतो. शिवाय टायर जमिनीला टेकतो ती जागा चाकाच्या मध्यापासून साधारण अर्धा मीटरवर असते, तर स्टडचं वर्तुळ १६-१७ सेंटिमीटरवर. त्यामुळे ब्रेक लावताना रस्त्यावर चार टनांचा जोर लागला, तर स्टडच्या वर्तुळावर तो बारा टनांचा होतो. पुरेसा वाटणारा दाब अर्ध्यावर आला, की हे गणित फार लवकर अंगावर येतं.

## अख्खा दाब कागदाएवढ्या ताणावर उभा असतो

नट आवळताना स्टड खरोखर लांब होतो. पोलादही रबरासारखं ताणलं जातं, फक्त अगदी थोडं. ताणलेला स्टड परत आखडायला बघतो आणि त्याच ओढीने डिस्क हबवर दाबली जाते. जोडचाकात नट आणि हबमधलं अंतर साधारण ५० मि.मी. धरलं, तर २० टन ओढीला स्टड अवघा ०.१४ मि.मी. लांबतो. वहीच्या कागदाची जाडी ०.१ मि.मी. असते. म्हणजे दीड कागद. पुढच्या एकेरी चाकात हे अंतर कमी, म्हणून ताणही कमी.

एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. डिस्कच्या मागे रंगाचा जाड थर असेल, गंजाची पापडी असेल किंवा चिखलाचा वाळलेला पातळ लेप असेल, तर नट आवळताना तो थर तसाच दाबून राहतो. टॉर्क, म्हणजे नट फिरवायचा पीळ, बरोबर भरतो. मग गाडी शंभर किलोमीटर धावते, ब्रेकचा ड्रम तापतो, थर चुरडून बाहेर निघतो आणि सांधा ०.१ मि.मी. पातळ होतो. नट एक अंशही फिरलेला नसतो, पण स्टडमधली दोन-तृतीयांशाहून जास्त ओढ निघून गेलेली असते. ‘नट ढिला झाला नव्हता हो, मी स्वतः आवळला होता’ असं सांगणारा माणूस म्हणूनच बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

जोडचाकात हा धोका जास्त. तिथे हब, ड्रम, आतली डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट असे चार सांधे लागतात. प्रत्येक सांध्यात थोडा मळ राहिला, तरी बेरीज मोठी होते.

## पाना ‘कट’ वाजला, पण त्याने मोजलं काय?

आपल्याला हवा असतो स्टडमधला ताण. तो चाकावर सहज मोजता येत नाही. म्हणून आपण टॉर्क मोजतो, म्हणजे नट फिरवायला लागणारा पीळ. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. ६५० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर सुमारे ६६ किलो वजन.

गोम अशी, की या पिळातला फारच थोडा भाग स्टड ताणायला वापरला जातो. ढोबळ हिशेबाने निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात आणि ताणासाठी उरतो जेमतेम १० टक्के. बरणीचं चिकट झाकण फिरवताना हात दुखतो, पण झाकण घट्ट बसलंच असं नसतं. बरीचशी मेहनत चिकटपणाशी झगडण्यात जाते. तसंच हे.

म्हणून घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. ९० टक्क्यांतले १० वाचले, की ताणासाठीचे १० थेट २० होतात. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला टॉर्क भरला की आवाज करणारा पाना, मात्र दोन्ही वेळा त्याच आकड्यावर ‘कट’ वाजतो. त्याला बिचाऱ्याला आतलं काहीच कळत नाही.

## अँटी-सीझ आट्यांवर गेलं की आकड्याचा अर्थ बदलतो

अँटी-सीझ म्हणजे ग्रीससारख्या वंगणात तांबं, निकेल, अ‍ॅल्युमिनियम किंवा ग्रॅफाइटची बारीक पूड मिसळलेला लेप. उष्णतेने ग्रीस जळून गेलं तरी पूड मागे राहते आणि दोन धातूंना एकमेकांना चिकटू देत नाही. सायलेन्सरच्या बोल्टला, मॅनिफोल्डच्या स्टडला तो फार उपयोगी. चाकाच्या स्टडवर मात्र तो घर्षण एकदम खाली आणतो.

हिशेब साधा आहे: ताण = टॉर्क ÷ (घर्षणाचा गुणक × स्टडचा व्यास). व्यास ०.०२२ मीटर, टॉर्क ६५० न्यूटन-मीटर. आता फक्त गुणक बदलत जाऊ.

आटे गंजके, कोरडे, धुळीने भरलेले असतील तर गुणक ०.३ पर्यंत जाऊ शकतो. ताण येतो साधारण १० टन. स्वच्छ पण कोरड्या आट्यांना गुणक ०.२ धरतात, ताण १५ टन. तेलाचे थेंब दिलेल्या आट्यांना ०.१५ च्या आसपास; ताण २० टन. अँटी-सीझ माखलेल्या आट्यांना ०.१२, ताण २५ टन.

पाना तोच, आकडा तोच, पण एका नटाखाली १० टन आणि शेजारच्या नटाखाली २५ टन.

२५ टन म्हणजे जास्त घट्ट, मग चांगलंच की! असं वाटणं साहजिक आहे. पण १०.९ प्रतीच्या (ही पोलादाच्या ताकदीची श्रेणी) एम २२ स्टडची लवचीकतेची हद्द साधारण २८ टनांवर येते. तिच्या आत स्टड रबरासारखा पुन्हा मूळ लांबीवर येतो. हद्द ओलांडली की तो चिकणमातीसारखा कायमचा लांबतो. २५ टनांवर आधीच काठावर उभ्या असलेल्या स्टडला इम्पॅक्ट गनचा, म्हणजे हवेवर चालणाऱ्या नट आवळायच्या यंत्राचा, एक जादा झटका मिळाला किंवा ‘अजून थोडं’ म्हणून पाना ओढला गेला, की काम झालं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढच्या दोन-तीन वेळा आवळताना आटे ओढले जातात, नट हाताने फिरेनासा होतो आणि एक दिवस स्टड मानेत बारीक होऊन तुटतो.

## मग ते लावायचं कुठे?

अँटी-सीझची खरी जागा हबच्या मध्यभागी आहे. आजकालच्या बहुतेक जड वाहनांत चाक हबच्या मधल्या उंचवट्यांवर बसून मध्यावर येतं. या उंचवट्यांना पायलट पॅड म्हणतात. रिमचं मधलं मोठं भोक आणि हे पॅड यांच्यात पाणी शिरतं, गंज फुगतो आणि नट काढल्यावरही चाक जागचं हलत नाही. मग घण चालतो, रिमची कड चेपते, आणि त्या धक्क्यांनी बेअरिंगचंही नुकसान होऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम लोखंडी हबवर असेल तर आणखी वाईट: दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी धरते आणि चाक हबला अक्षरशः डकवलं जातं.

म्हणून पायलट पॅड तारेच्या ब्रशने साफ करून त्यांच्या वरच्या बाजूवर, जिथे रिमच्या भोकाची कड टेकते तिथेच, अँटी-सीझचा किंवा निर्मात्याने सांगितलेल्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. किती पातळ? खालचा धातू पुसट दिसत राहील इतका. भरपूर लावलं तर चाक फिरताना तो लेप बाहेर फेकला जातो आणि नेमका नको तिथे पसरतो.

नको त्या जागा तीन. डिस्क आणि हब किंवा ड्रम यांचे एकमेकांवर टेकणारे सपाट पृष्ठभाग, कारण सगळा भार पेलणारं घर्षण तिथलंच. नटाचं बूड रिमला टेकतं ती जागा. आणि स्टडचे आटे.

## आटे कोरडे ठेवायचे की तेल द्यायचं?

इथे दोन पद्धतींची गल्लत होते आणि वादाचं मूळ बहुधा तेच असतं.

हबवर मध्यावर येणाऱ्या चाकांना सपाट बुडाचे, दोन तुकड्यांचे नट असतात: नट आणि त्याला जोडलेली, स्वतंत्र फिरणारी चकती. या नटांसाठी सहसा एवढंच सांगितलेलं असतं: स्टडच्या टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर इंजिन ऑइलचे दोन थेंब आणि नट व चकती यांच्या फटीत दोन थेंब. टॉर्कचा आकडा हे तेल गृहीत धरूनच दिलेला असतो. म्हणजे इथे ‘कोरडंच आवळा’ म्हणणारा चुकतो. त्याला २० टनांऐवजी १५ किंवा १० टनच मिळतात. तेल दिल्यावर चकती बोटाने मोकळी फिरली पाहिजे. अडकत असेल तर तो नट टाकून द्यावा, कारण ती आवळताना रिमवर घासत फिरेल आणि सगळा पीळ तिथेच खाईल.

जुन्या पद्धतीत चाक स्टडवरच मध्यावर येतं. नटाचं बूड गोलाकार असतं आणि रिमच्या भोकाला तशीच वाटी असते. या नटांचे आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तिथे तेलही नको. दोन पद्धतींचे नट, स्टड आणि रिम एकमेकांत कधीही मिसळू नयेत. गोल बुडाचा नट सपाट रिमवर आवळला तरी घट्ट लागतो, टॉर्कही भरतो, पण तो टेकलेला असतो फक्त भोकाच्या कडेवर.

खात्रीचा आकडा आणि वंगणाची सूचना वाहनाच्या पुस्तिकेत असते. एम २२ साठी ती बहुधा ६०० ते ७०० न्यूटन-मीटरच्या घरात दिसेल, पण घर म्हणजे पत्ता नव्हे. आपल्या गाडीचा आकडा पाहूनच पाना लावायचा.

## चढवताना

गाडी पक्क्या सपाट जागेवर, दुसऱ्या चाकांना सरकू नयेत म्हणून अडसर, जॅकसोबत स्टँड. हब-ड्रम तापलेले असतील तर थंड होऊ द्यायचे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम असताना आवळलेला नट थंड झाल्यावर वेगळाच ताण देतो.

आधी सफाई, आणि वेळ घालवायचा तो इथेच. हबचा किंवा ड्रमचा पृष्ठभाग, डिस्कच्या दोन्ही बाजू आणि भोकांच्या कडा तारेच्या ब्रशने घासायच्या. गंजाची पापडी खरवडून काढायची. रिम नुकतीच रंगवली असेल तर टेकणाऱ्या जागेवरचा रंग नखाने दाबून पाहावा. खूण उमटली तर रंग कच्चा किंवा जाड आहे, तो तिथून उतरवायलाच हवा. स्टडचे आटे ब्रशने साफ करून फडक्याने पुसायचे. मग प्रत्येक नट प्रत्येक स्टडवर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहायचा. वाटेत अडला तर आटे ओढले गेलेत किंवा मार बसलाय. पान्याने जबरदस्तीने तो पुढे नेऊ नये.

हब फिरवून एक पायलट पॅड बरोबर वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी आणावा. चाकाचा भार त्या पॅडवर येतो आणि ते मध्यावर बसतं. सगळे नट हाताने लावावेत. मग वरचा नट पहिला, त्याच्या समोरचा दुसरा, असं आडवं-उभं करत सगळे ७० न्यूटन-मीटरपर्यंत आणावेत. या टप्प्यावर डिस्क सगळीकडून टेकली का, कुठे फट राहिली का, ते पाहावं. त्यानंतर त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क. ओळीने शेजारशेजारचे नट आवळत गेलं तर डिस्क एका बाजूला कलते, आणि पहिले आवळलेले नट शेवटी आपोआप ढिले पडतात.

टॉर्क पाना सावकाश, एका ओढीत फिरवायचा आणि ‘कट’ आवाज आला की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा दोनदा वाजवायची सवय बऱ्याच जणांना असते. प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. काम झालं की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा आणि वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा.

## ‘इम्पॅक्ट गन असताना हा खटाटोप कशाला?’

गन नट पटकन खाली आणायला उत्तम. शेवटचा टॉर्क तिच्यावर सोडायचा नाही. एक इंची गन १,५०० न्यूटन-मीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि प्रत्यक्षात किती देते ते हवेचा दाब, पाइपची लांबी, कॉम्प्रेसरवर त्याच वेळी आणखी कोण हवा भरतंय आणि गनची झीज यांवर ठरतं. सकाळी पहिल्या चाकाला ९०० आणि संध्याकाळी शेवटच्या चाकाला ४५० मिळाले तरी कानाला फरक कळत नाही. म्हणून गनने आकड्याच्या बरंच खाली थांबायचं आणि उरलेलं पान्याने पुरं करायचं. गननेच आधी ९०० दिले असतील, तर ६५० वर लावलेला पाना नट न हलता लगेच ‘कट’ वाजेल आणि सगळं ठीक आहे असं खोटंच सांगेल.

## ‘पाइपावर उभं राहून आवळलं की पुरे’

एक मीटरच्या पाइपाच्या टोकावर ७० किलोचा माणूस स्थिर उभा राहिला, तर टॉर्क जवळपास ६९० न्यूटन-मीटर येतो. म्हणजे या सवयीमागे अनुभवाचं गणित आहे, ती निव्वळ अडाणीपणाने आलेली नाही. पण पाइप दीड मीटरचा असला की तोच आकडा १,०३० होतो, पाइप तिरका असला की कमी होतो आणि माणूस उडी मारून दाबू लागला की कोणालाच सांगता येत नाही. रस्त्यात अडल्यावर गाडी जवळच्या कार्यशाळेपर्यंत हळू नेण्यापुरता हा उपाय. तिथे पोचल्यावर नट सैल करून पुन्हा पान्याने आवळावेत.

## ‘तेल लावल्यावर नट सुटत जाणार नाही का?’

या शंकेमुळे तेल टाळलं जातं. एम २२ × १.५ च्या आट्यांचा चढ फक्त सव्वा अंशाच्या आसपास असतो. एवढ्या सपाट उतारावर तेल लावलेला नटसुद्धा नुसत्या ओढीने मागे घसरत नाही. नट सुटतात ते वेगळ्या कारणाने. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवलं, की सांधा आडवा सरकू लागला की, म्हणजे डिस्क हबवर किंचित मागेपुढे घसरू लागली की, नट स्वतःहून उलटा फिरायला लागतो, मग आटे कितीही कोरडे असोत. उपाय एकच: आडवी हालचाल होऊच न देणारा पुरेसा दाब. आणि तो दाब मिळवायलाच तर तेलाचे ते थेंब आहेत.

## ‘अँटी-सीझ लावून टॉर्क पाव भागाने कमी केला तर?’

कागदावर हे जमतं. अडचण अशी, की प्रत्येक लेपाचा गुणक वेगळा, आणि नवा नट, जुना नट, जाड हात, पातळ हात यांनीही तो हलतो. तुम्ही अंदाजाने कमी केलेला टॉर्क खरोखर किती ताण देतो, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते: तीन महिन्यांनी दुसरा मिस्त्री ते चाक चढवील, तेव्हा तो पुस्तिकेतला पूर्ण आकडा लावील. आट्यांत लेप अजून तसाच असेल.

नट गंजून जाम होण्याची भीती मात्र खरी आहे. त्यावर तेलाचे ठरलेले थेंब, प्रत्येक वेळी आट्यांची सफाई आणि खराब नट वेळेत बदलणं हा उपाय पुरतो. चाकाच्या निर्मात्याने एखादं खास वंगण आणि त्यासोबतचा टॉर्क लेखी दिला असेल, तर अर्थात तोच पाळायचा.

## ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा पाना

कितीही साफ केलं तरी पृष्ठभागांवरची बारीक उंची-खोली पहिल्या काही तासांत दबते. म्हणून चाक चढवल्यावर ८० ते १६० किलोमीटरच्या आत गाडी थंड करून टॉर्क पुन्हा तपासतात. नट आधी सैल करायचा नाही. पाना पूर्ण आकड्यावर लावून आवळायच्या दिशेनेच ओढायचा. नट जरा हलून ‘कट’ वाजला, तर तेवढा ताण गेला होता. दहापैकी सात-आठ नट हलले, तर नुसतं पुन्हा आवळून गाडी सोडू नये; सांध्यात काहीतरी अडकलंय, चाक उतरवून पाहावं. गोल बुडाच्या जुन्या जोडचाकांत आतला नट वेगळा असतो, तिथे बाहेरचे नट एकाआड एक सैल करून आधी आतले तपासावे लागतात.

नटांवर बसवायचे पिवळे टोकदार दर्शक रोजच्या नजरेला मदत करतात. पण ते फक्त नट फिरला का एवढंच सांगतात. वर पाहिलं तसं, नट न फिरताही ताण जातो, आणि त्या वेळी सगळी टोकं शिस्तीत जिथल्या तिथेच असतात.

## स्टड तुटलाच तर

तुटलेल्या टोकाकडे नीट पाहावं. समुद्राच्या ओल्या वाळूवर लाटांच्या खुणा राहतात तशा वक्र रेघा दिसल्या, तर स्टड वाकून-वाकून हळूहळू तुटलाय, म्हणजे चाक बराच काळ ढिलं चाललं होतं. मान बारीक होऊन, पिळवटून तुटला असेल तर जास्त आवळल्याचं लक्षण. दोन्ही वेळा फक्त तो एक स्टड बदलून भागत नाही. त्याचा भार शेजारच्या दोघांनी उचललेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक स्टडही बदलायचा. एका चाकाचे दोन किंवा अधिक तुटले असतील तर सगळेच. त्यासोबत रिमची भोकं तपासायची: लांबट झालेलं भोक, कडेला चकचकीत घासलेली जागा किंवा एका भोकाकडून दुसऱ्याकडे गेलेली केसाएवढी भेग दिसली, तर ती रिम पुन्हा चढवायची नाही, वेल्डिंग करूनही नाही.